"आधी असे नव्हते हे": डोक्याला मार लागल्यावर आलेल्या रागाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण लिहायला घरच्यांनी परवानगी दिलीय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, वयं आणि एकदोन तपशील बदललेत. मी कोल्हापुरात समुपदेशक म्हणून काम करते. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना पैलवान म्हणूया, गल्लीत सगळे तसंच हाक मारतात. वय ३८. लहानपणी तालमीत जायचे, गुडघा गेला तशी कुस्ती सुटली, मग शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, हेल्पर म्हणून लागले आणि चढत चढत मोल्डिंगच्या शिफ्टचे सुपरवायझर झाले. घरात आई, बायको, ९ वर्षांचा मुलगा, ५ वर्षांची मुलगी, आणि वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ त्याच्या कुटुंबासोबत.

तापट होते का, तर आवाज मोठा होता. त्यांची बायको, त्यांना मी वहिनी म्हणते, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, बोलणं रांगडं हाय ह्यांचं, पण १२ वर्षांत हात उचलला नव्हता कधी, आधी असे नव्हते हे." मी हे वाक्य डायरीत लिहून घेतलं आणि पुढं गेले. आता वाटतं तिथंच थांबायला पाहिजे होतं, कारण अख्ख्या प्रकरणाची किल्ली त्या एका वाक्यात होती.

अपघात

आदल्या पावसाळ्यात सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बाराच्या पुढं गाडीवरून घरी येत होते, सर्व्हिस रोडला कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. डोकं मागच्या बाजूनं आपटलं. सात टाके पडले. अर्धा तास शुद्ध नव्हती असं सोबतचे सांगतात. सीटी स्कॅनमध्ये थोडा रक्तस्राव दिसला पण ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, आणि सहाव्या दिवशी घरी सोडलं.

त्या सहा दिवसांतलं पैलवानांना आजही काही आठवत नाही. म्हणजे ते बोलत होते, चहा मागत होते, भावाशी भांडलेसुद्धा, पण "गाडी कुठाय?" हा एकच प्रश्न दर पंधरा मिनिटांनी परत. मार लागल्यावर नवीन आठवणी किती काळ साठत नव्हत्या यावरून मार किती खोल गेलाय याचा अंदाज येतो, आणि हा काळ एका दिवसाच्या वर गेला तर त्याला किरकोळ मार म्हणत नाहीत. इथं पाच-सहा दिवस होते. पण टाके सुकले, चालतायत, बोलतायत, जेवतायत म्हटल्यावर घरच्यांना वाटलं वाचलो. घरी सोडताना टाके कधी काढायचे ते सांगितलं, डोकं दुखलं तर गोळी सांगितली, पण माणसाचा स्वभाव बदलू शकतो, पुढचे काही महिने लक्ष ठेवा, हे कोणी सांगितलं नाही.

अडचण काय होती

दोन महिन्यांनी कामावर गेले. तिसऱ्या आठवड्यात एका हेल्परनं साचा नीट बंद केला नाही म्हणून त्याला असा ढकलला की ओठ फुटला, तीन टाके पडले. भट्टीपासून ते दोघं चार पावलांवर होते, हे लिहितानाही अंगावर काटा येतो. हेल्परनं पोलिसात तक्रार दिली, कंपनीनं आधी सुट्टीवर पाठवलं आणि मग घरी बसवलं.

घरी बसल्यावर सगळं वाढत गेलं. मुलाचा पाढा चुकला म्हणून जेवणाचं ताट भिंतीवर. टीव्हीचा आवाज कमी केला नाही म्हणून रिमोट आईच्या दिशेनं. वहिनींच्या दंडावर दोनदा वळ. आणि प्रत्येक वेळी एकच क्रम, की भडका दोन-तीन मिनिटांचा, पंधरा मिनिटांत शांत, आणि मग स्वतःच कोपऱ्यात बसून रडणार. "मला कळतंय चुकलं, पण ते माझ्या आधीच होऊन जातं," असं ते मला म्हणाले. ठरवून, डाव धरून केलेला यात एकही प्रसंग नव्हता. हे महत्त्वाचं आहे, कारण संतापाच्या भरात होणारा हल्ला आणि थंड डोक्यानं केलेला हल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेंदूच्या पुढच्या भागाची दुखापत जास्त करून पहिल्या प्रकाराशी जोडलेली सापडते.

माझ्याकडं आले तेव्हा अपघाताला आठ महिने झालेले. धाकट्या भावानं आणलं होतं आणि त्याचं निदान तयार होतं, दारू. शनिवारी एक क्वार्टर घ्यायची सवय जुनीच होती, आता घरी बसून मधल्या वारीही व्हायला लागली होती. आईचं म्हणणं वेगळं, "तालमीतलं रगात हाय, रिकामं बसलं की तापतंय." शेजारचे म्हणायचे नोकरी गेली की कुणाचंही डोकं फिरेल. आणि मला हे सगळं पटलं. मी तीन बैठका राग आवरण्यावर घेतल्या, श्वास मोजा, खोलीबाहेर जा, दहा आकडे म्हणा. पैलवान मान डोलवायचे, घरी जाऊन पहिल्या ठिणगीला सगळं विसरायचे. माझ्या नोंदीत मी "सहकार्य कमी" असं लिहिलंय. ते सहकार्य कमी नव्हतं. ज्या भागानं थांबायचं असतं त्याच भागाला मार बसलेल्या माणसाला मी थांबायला शिकवत होते.

गाडी वळली ती चौथ्या बैठकीत, आणि तीही योगायोगानं. पैलवान आले नाहीत, वहिनी एकट्या आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, परवा दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास, मी वरनं पळत आले तर हे गॅसच्या शेजारी बसून पेपर वाचतायत, कळलंच नाही म्हणे. आणि हल्ली तांबड्या रश्श्याला चवच नाही म्हणतात, वरनं मीठ न् चटणी घालत राहतात. मी विचारलं, कधीपासून? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "दवाखान्यातनं आल्यापास्नंच की."

नाकाच्या छतावर चाळणीसारखं भोकांचं पातळ हाड असतं, त्यातून वासाचे अगदी बारीक तंतू मेंदूकडं जातात. डोकं जोरात आपटून मेंदू आत सरकला की हे तंतू तुटू शकतात. आणि त्यांच्या बरोब्बर वर, डोळ्यांच्या खोबणीच्या छतावर, मेंदूचा तो भाग टेकलेला असतो जो रागाला लगाम घालायच्या कामात मोठा वाटा उचलतो. त्यामुळं अपघातानंतर वास गेला असेल तर शेजारच्या भागाचं काय झालं हे बघायलाच पाहिजे. मी हे शिकलेले होते, पण पेशंटला विचारलं नव्हतं.

समोर कोणते पर्याय होते

भावानं व्यसनमुक्ती केंद्रात बोलणी करून ठेवली होती, सोमवारी नेणार होता. घरात निदान काही महिने शांतता मिळेल हा त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याची स्वतःची लहान मुलं वरच्या मजल्यावर आहेत. पण दारू हे मूळ नसेल तर तिथं ते आणखी भडकणार, आणि तिथल्या लोकांना मेंदूच्या दुखापतीचा पत्ताच नसणार. मी भावाला म्हटलं तीन आठवडे द्या, तपासणी होऊ दे, मग ठरवू. तो चिडला. तीन आठवड्यांत काही झालं तर जबाबदारी कोणाची, असं त्यानं विचारलं आणि तो प्रश्न बरोबर होता.

आईंना देवऋष्याकडं न्यायचं होतं. त्यांना मी विरोध केला नाही, अंगारा लावा, आमावस्येला जोतिबाला जाऊन या, फक्त गोळ्या सुरू झाल्या तर त्या बंद करायच्या नाहीत आणि मारून भूत काढणाऱ्याकडं न्यायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालून घरातला एक आधार तोडण्यात मला अर्थ वाटला नाही.

तिसरा पर्याय वहिनींचा, मुलांना घेऊन गडहिंग्लजला माहेरी जायचं. आणि चौथा कायद्याचा, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात, त्याच घरात राहायचा हक्कही त्यात मिळतो. हे मी त्यांना एकटीला नीट बसवून सांगितलं. मेंदूला मार आहे म्हणून बाईनं सोसलं पाहिजे असं होत नाही, आणि हे सांगणं माझं कामच आहे. त्या म्हणाल्या, आत्ता नाही, पण कागदावर लिहून द्या. दिलं.

पाचवा पर्याय एमआरआय, न्यूरॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ. आता इथं क्रमाचा प्रश्न होता, आधी तपासणी की आधी सुरक्षितता? एमआरआयची तारीख आठ दिवसांनी मिळत होती. माझा पहिला कल होता आठ दिवस थांबू, निदान हातात आलं की घरच्यांना समजावणं सोपं जाईल. पण मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, पप्पांची चप्पल वाजली की मी संडासात जाऊन कडी लावतो. त्या रात्रीपासून मुलं वरच्या मजल्यावर झोपायला लागली. थांबले नाही याचं आज समाधान आहे.

स्कॅनमध्ये काय दिसलं आणि त्याचा अर्थ काय

दोन्ही बाजूंना कपाळामागच्या भागाच्या तळाशी जुन्या माराचे व्रण, उजवीकडं जास्त, आणि उजव्या कानशिलामागच्या भागाच्या टोकाशीही थोडे. घरच्यांचा पहिला प्रश्न, अहो पण मार तर मागं लागला होता! डोकं मागं आपटतं तेव्हा कवटी थांबते पण आतला मेंदू हलत राहतो, आणि कवटीचा पुढचा तळ, डोळ्यांच्या वरचा, खडबडीत हाडाचा असतो, त्यावर तो घासला जातो. म्हणून टाके मागं आणि खरं नुकसान पुढं, असं बऱ्याच अपघातांत होतं.

राग कुठं तयार होतो याचं साधं एकच उत्तर नाही. कानशिलाच्या आत खोल, बदामाएवढा एक भाग असतो, ॲमिग्डाला, तो धोका ओळखून इशारा देतो. मेंदूच्या तळाशी मधोमध हायपोथॅलॅमस, ज्याला विजेचा हलका धक्का दिला की शांत मांजर पाठ फुगवून फिसकारतं, हे वॉल्टर हेस यांनी दाखवलं आणि हायपोथॅलॅमसवरच्या कामासाठी त्यांना १९४९ चं नोबेल मिळालं. आणि पुढचा भाग हा इशारा खरा की खोटा, आत्ता हात उचलला तर पुढं काय, हे तोलतो. पैलवानांना मी हे समजावत होते तर त्यांनीच मला मधे थांबवलं आणि म्हणाले, "म्हणजे मॅडम, भट्टी बरोबर हाय, थर्मोकपल गेलंय. रस किती तापलाय ते दिसतच नाही, डायरेक्ट ओततोय." थर्मोकपल म्हणजे भट्टीतलं तापमान मोजायचं उपकरण. इतक्या वर्षांत इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं, मी आता इतरांनाही असंच सांगते.

या जागेचा इतिहास जुना आहे. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून घुसलेली साधारण सहा किलोची लोखंडी पहार कपाळाच्या वरून बाहेर पडली, तो वाचला, पण त्याच्या डॉक्टरांनी लिहिलं की ओळखीचे म्हणायचे हा आता तो राहिला नाही. ही गोष्ट सगळे इथंच संपवतात. मला त्याचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, तो पुढं चिलीत जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी चालवत होता, ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, रोज तेच काम. १९९६ मध्ये व्हिएतनाम युद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांचा अभ्यास छापून आला, त्यात कपाळामागच्या तळाशी आणि मधल्या बाजूला इजा असलेल्यांत आक्रमकपणा जास्त दिसला, पण त्यातही प्रत्यक्ष मारहाणीपेक्षा तोंडी वादावादीच पुढं होती.

मग भावाला आशा वाटायला लागली. हेल्परच्या तक्रारीत हा रिपोर्ट दाखवू, मेंदूच खराब आहे म्हटल्यावर सुटतील. इथं मी स्पष्ट नाही म्हटलं. एक तर कायदा असं बघत नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम २२, जुनं ८४, विचारतं की त्या वेळी आपण काय करतोय, ते चूक आहे, हे कळण्याची क्षमताच नव्हती का. पैलवानांना कळत होतं, आवरत नव्हतं, आणि नुसता फोटो दाखवून ते ठरत नाही. दुसरं म्हणजे तोच व्रण असलेली कितीतरी माणसं कोणावर हात टाकत नाहीत. १९६६ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉवरवरून गोळीबार करणाऱ्या चार्ल्स व्हिटमनच्या मेंदूत नंतर गाठ सापडली, तिचा त्या कृत्याशी नेमका किती संबंध यावर जाणकारांचं आजही एकमत नाही. १९९७ मध्ये एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांनी ४१ खुनाच्या आरोपींच्या मेंदूचे स्कॅन तपासले, पुढच्या भागाचं काम सरासरीनं कमी दिसलं. पण ती गटाची सरासरी आहे. एका माणसाचा स्कॅन बघून तो मारेल की नाही हे सांगता येत नाही. आमच्या बाबतीत स्कॅनला वजन आलं ते आधीची १२ वर्षं, अपघाताची तारीख, गेलेला वास आणि भडक्याचा तो ठरलेला क्रम, हे सगळं एकाच रेषेत बसलं म्हणून.

शेवटी पैलवान स्वतः हेल्परच्या घरी गेले, माफी मागितली, दवाखान्याचा खर्च दिला. रिपोर्ट खिशात होता, काढला नाही.

काय केलं

आधी गोळ्यांची पिशवी तपासली. कुठल्याशा दवाखान्यातून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या आणि दारू एकत्र चालू होतं. अशा गोळ्यांनी काही जणांचा उरलासुरला लगामही सुटतो, मानसोपचारतज्ज्ञांनी त्या हळूहळू कमी करून बंद केल्या. फिट्स येतात का ते न्यूरॉलॉजिस्टनी बघितलं. दमा नाही, नाडी ठीक, हे तपासून प्रोप्रॅनोलॉल थोड्या डोसनं सुरू करून वाढवत नेलं, ही खरं तर बीपीची जुनी गोळी, पण डोक्याच्या मारानंतरच्या आक्रमकपणात तिचा उपयोग झाल्याचे अभ्यास आहेत. (हे वाचून कोणी मेडिकलमधून स्वतः आणू नका, नाडी कमी असलेल्याला आणि दम्याच्या माणसाला ती धोक्याची आहे.) दारू पूर्ण बंद, आणि ते त्यांनी ऐकलं, मार लागलेल्या मेंदूला अर्धी क्वार्टर पूर्ण क्वार्टरएवढी चढते हे त्यांना स्वतःच जाणवलं होतं.

दुसरं काम वहीचं. वहिनींनी पाच आठवडे लिहिलं, भडका कधी, कुठं, आधी काय चालू होतं. मला वाटलं होतं कारणं सापडतील, पैसा, नोकरी, सासू. सापडली ती वेळ. २३ पैकी १७ प्रसंग संध्याकाळी सहा ते आठच्या मधले. त्या वेळी टीव्ही, मिक्सर, मुलांचा अभ्यास, बाहेर गाड्यांचे हॉर्न, आणि यांना दुपारी बारानंतर पोटात काही नाही. मग आम्ही पाच वाजता खाणं ठरवलं, अभ्यास वरच्या मजल्यावर काकूकडं, सहा ते सात पैलवानांनी रंकाळा तलावाला एक फेरी मारायची, गर्दीच्या चौपाटीकडून नाही, शांत बाजूनं. वहिनी "पाणी आणते" म्हणाल्या की दोघांनीही बोलणं तोडायचं आणि वेगळ्या खोलीत जायचं. आवरायची जबाबदारी त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर न ठेवता घराच्या रचनेवर टाकली. दहा आकडे मोजण्यापेक्षा याचा फरक कितीतरी जास्त पडला.

काम सहाव्या महिन्यात मिळालं. मार्केट यार्डात मामेभावाच्या गुळाच्या गोडाऊनमध्ये, सकाळी चार तास, रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, मोजायच्या आणि वहीत मांडायच्या. माणसं सांभाळायची नाहीत, घाई नाही, कामाची यादी भिंतीवर लिहिलेली. सुपरवायझर असलेल्या माणसाला हे कमीपणाचं वाटणार म्हणून मी घाबरत होते. त्यांना ते वाटलंही, दोन महिने ते तालमीकडच्या रस्त्यानं गेले नाहीत.

दीड वर्षानंतर

घरात शेवटचा हात उचलल्याला आता १४ महिने झाले. आवाज चढतो, आठवड्यातून एकदा तरी. मधे एक मोठा प्रसंग झाला, गणपती विसर्जनाच्या रात्री डॉल्बी घरासमोर दीड तास थांबला, त्यांनी आतून टीव्ही उचलून आपटला. चूक आमचीच, वही हातात असताना ती रात्र आम्ही मोजली नव्हती. पुढच्या वर्षी दोन दिवस आधीच सगळे गडहिंग्लजला गेले.

वास परत आला नाही. गॅस फक्त वहिनी हाताळतात. मुलगा आता खाली झोपतो, मुलगी अजून नाही. वहिनींच्या कपाटात भरलेली एक बॅग आहे, मी दिलेला कागद तीत आहे, आणि ती रिकामी करा असं मी त्यांना म्हणणार नाही. त्या एकदा म्हणाल्या, हे चांगले वागतात पण पूर्वीसारखी थट्टा नाही करत, मी हसले तर बघत बसतात. यावर माझ्याकडं उपाय नव्हता. फक्त त्यांच्यासाठी वेगळी बैठक सुरू केली, ती सुरुवातीपासूनच हवी होती.

आता वेगळं काय करेन

पहिल्याच भेटीत घरच्या बाईशी एकटीशी बोलेन. भाऊ समोर होता तोपर्यंत वहिनी दारूच्या गोष्टीला मान हलवत राहिल्या, दुधाची गोष्ट बाहेर आलीच नाही. तीन बैठका आणि जवळजवळ दोन महिने गेले, त्या दोन महिन्यांत त्यांच्या दंडावर दुसरा वळ उठला. हे माझ्या हिशोबात धरलं पाहिजे.

"कधीपासून" हे तारखेनं विचारेन. कोल्हापुरात माणूस तापट असणं कोणाला नवल वाटत नाही, रांगडेपणाचं कौतुकही होतं, आणि त्यामुळंच तापट असलेला आणि तापट झालेला यातला फरक आपल्या नजरेतून सुटतो. मग डोक्याला कधी मार, बेशुद्ध किती वेळ, नंतरचं किती दिवसांचं आठवत नाही, वास येतो का, हे चार प्रश्न. दोन मिनिटं लागतात.

दवाखान्यातून सोडताना घरच्यांच्या हातात एक कागद पाहिजे, टाक्यांबरोबर स्वभावाकडंही लक्ष ठेवा असं सांगणारा. असा एक पानी कागद मी मराठीत केलाय आणि ओळखीच्या दोन डॉक्टरांना दिलाय, एक वापरतात. आणि रात्री-बेरात्री कोणाशी बोलायचं कळत नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर फुकट आहे, तो त्या कागदावर सगळ्यात वर आहे.

एक निर्णय अजून अडकलाय. पैलवानांना गाडी परत चालवायचीय, गोडाऊनला केएमटीच्या बसनं जायला पाऊण तास जातो. फिट आलेली नाही, नजर ठीक आहे, न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात बघू. वहिनींचा विरोध आहे, त्यांचं म्हणणं ट्रॅफिकमध्ये कोणी कट मारला तर काय. पुढच्या गुरुवारी चौघं बसणार आहोत.